डायबेटिसच्या मीटिंगला तिळाचे लाडू

शिकागो, संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार इथूनच करते, पाया पडायला मे महिन्यात येतेच आहे. थंडी भयंकर आहे, पण मी मजेत.

काल मी एक पराक्रम केला. घानाहून इथे येऊन राहिलेल्या लोकांच्या डायबेटिसवर आमचा प्रोजेक्ट चालू आहे ना, त्यांची चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग होती. सणाचं रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून तीळ-गूळ आणून मी लाडू वळले. डबा उघडला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला!

सगळ्या बायका पोट धरून हसल्या. त्यांच्यातल्या अकोसुआ आंटींनी एका लाडवाचे इतके तुकडे केले की अख्ख्या हॉलला पुरले. नवरा गेल्यावर त्या कुणाशी बोलेनाशा झाल्या होत्या. गोळ्या वेळेवर, तरी शुगर चढलेलीच. आता दर शनिवारी त्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर जेवतात, नाचतात, मलाही नाचवतात. शुगर उतरायला लागलीय!

निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कोणाला आहे?"

"वडिलांना," मी म्हटलं, "पण पथ्य, गोळ्या, चालणं, सगळं चोख असतं त्यांचं."

"आणि जेवतात कोणाबरोबर?"

मला तुमचं एकट्याचं ताट आठवलं, बाबा. आई गेल्यापासून फोनवर तुमच्या मागे फक्त टीव्ही ऐकू येतो.

आज दोन ताटं वाढा. खालच्या जोगळेकर काकांना वर बोलवा, तेही एकटेच असतात. आणि यापुढे फोनवर शुगरचा आकडा नंतर. कोणाबरोबर जेवलात, ते आधी सांगायचं.

तुमची नाचरी,
कादंबरी