लाल दिवा लागला की धन्यवाद

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचाच).

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे तसं सगळं ठीक. बाबांनी गाडी मागे घेताना शेजाऱ्यांचं फाटक पाडलं, ते तुला कळलंच आहे. फाटकच पुढे आलं होतं, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. त्यावर तू फोनवर फर्मावलंस की, बाबांजवळ तू राहतोस, तर गाडी सोडा म्हणून तूच सांग. अगं, लहानपणी दुकानदाराकडे गोळ्यासुद्धा माझ्या वतीने तू मागायचीस! (लग्नालाही माझ्या वतीने तूच हो म्हणालीस. बायको अजून ते काढते.) चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी बोलतो ते एकच वाक्य, "खालची ओळ दिसते का?" बाबांना खालची सोड, वरचीही धड दिसत नाही, आणि आता काच बदलून भागण्यातलं ते राहिलेलं नाही. माझ्या लेकीला शाळेतून तेच आणतात. ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

म्हणून मी वक्तृत्वाचा सराव करणाऱ्या एका मंडळात नाव घातलं. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते भरतं. अध्यक्ष एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत (इतर दिवशी त्या लोकांना तोंड उघडायला लावतात आणि बोलू देत नाहीत, त्याचं बहुधा हे प्रायश्चित्त). एक निवृत्त मास्तर घंटी घेऊन बसतात आणि वक्ता 'अं' म्हणाला की वाजवतात. माझं पहिलं भाषण चालू असताना खाली वाचत बसलेले लोक आग लागली समजून बाहेर पळाले. शिवाय टेबलावर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. लाल लागला की वाक्य कुठेही असो, 'धन्यवाद' म्हणून खाली बसायचं. भाषणानंतर कुणीतरी परीक्षण करतं, त्याचाही नियम आहे: आधी कौतुक, मग दोष, मग पुन्हा कौतुक. माझं परीक्षण असं झालं: शर्ट छान होता, बोलणं ऐकू आलं नाही, पण शर्ट खरोखरच छान होता. नेतृत्वगुण वाढावेत म्हणून मला खुर्च्याप्रमुख नेमलं आहे. हाताखाली मी एकटाच, आणि तोही ऐकत नाही. (कंबरेचं कारण आता तुझ्या लक्षात आलं असेल.)

पण हळूहळू जमलं गं. गेल्या महिन्यात 'बाबा, किल्ल्या द्या' हे भाषण मी तिथे केलं. घंटी वाजली नाही, डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. मी फुगलो, आणि रविवारी टायरात हवा भरायला बाबांबरोबर निघालो तेव्हा गाडीतच सुरुवात केली. "बाबा, याच गाडीतून तुम्ही आम्हा दोघांना शाळेत सोडलंत, दवाखान्यात नेलंत, आईला शेवटचं घरीही याच गाडीतून आणलंत." आवाज चढला नाही, कापला नाही. बाबा ऐकत होते. "पण आता तुमच्या डोळ्यांना..." म्हणालो आणि समोर चौकातला लाल दिवा लागला.

ताई, अंगवळणी पडलेलं काही सुटत नाही. मी 'धन्यवाद' म्हणालो आणि गप्प बसलो. लाल दिव्याला आमच्यातला मी एकटाच थांबलो, बाबा गाडीसकट चौक ओलांडून गेले. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाबांना ट्रक दिसलाच नव्हता. ते एवढंच म्हणाले, "वेड्या, बापाला कुणी धन्यवाद म्हणतं का? तू भाषणाला बसने कशाला जातोस? मी सोडत जाईन." आणि सोडतात. मागच्या रांगेत बसून सर्वांत आधी टाळ्याही वाजवतात.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा वक्ता भाऊ

ता. क. शनिवारी निघून ये आणि तूच सांग. भाषण सोबत जोडलं आहे. आवाज कुठे खाली आणायचा तिथे खुणा केल्या आहेत. गाडी उभी असतानाच सांग.

आणखी एक ता. क. तू येतेस हे बाबांना कळलं आहे. सकाळपासून गाडी धुताहेत. तुला घ्यायला स्टेशनवर स्वतः येणार म्हणतात. इतके खूश आहेत की माझ्याच्यानं 'नको' म्हणवेना.