दोन साहेबांचं एक टेबल

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? वहिनी रोज तेल चोळून देते ना? इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत, म्हणजे मी आणि सासूबाई. ह्यांचं सांगायलाच लिहायला बसले आहे.

तुला ठाऊकच आहे, हे वजनकाट्यांच्या कारखान्यात तयार काटे तपासून सही करतात. तपासायचं तर टेबल जरासुद्धा हलता कामा नये. पण आता तिथे दोन साहेब झाले आहेत आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. मोठ्या साहेबांना टेबल खिडकीशी हवं, उजेड येतो म्हणून. नव्या साहेबांना दाराशी हवं, माणूस नजरेसमोर राहतो म्हणून. हे दोघांनाही 'हो साहेब' म्हणून आले. (आमचं लग्न ठरतानाही असंच म्हणाले असतील, अशी मला अधूनमधून शंका येते.) त्यामुळे सकाळी टेबल खिडकीशी आणि जेवणानंतर दाराशी. काटा जरा स्थिर होतोय तोच पुन्हा टेबलाची वरात निघते. ह्यांची कंबर पार धरली आहे.

आता घरातही तीच सवय. परवा मी म्हटलं, चहा गाळा. सासूबाई म्हणाल्या, अजून उकळू दे. हे गाळणं हातात धरून उभेच. आमचं एकमत होईपर्यंत अर्धा चहा आटला. (फेकवेना, म्हणून तो काढा तिघांनी मिळून संपवला.)

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण आता दोन्ही साहेबांचं एका गोष्टीवर जमलं आहे, की न तपासलेल्या काट्यांवरही सही ठोकायची. हे तशी सही करत नाहीत, रोज बोलणी खातात आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसतात. खोट्या मापाचं पाप देव कुणाच्या माथी मारील, ते मी सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, "सोड की मग ती नोकरी." तर म्हणाले, "सोडू का, हे विचारू कुणाला? दोघं दोन उत्तरं देतील."

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी ये आणि मोठेपणाच्या हक्काने, जरा साहेबी आवाजात, ह्यांना 'नोकरी सोडा' असा हुकूम दे. घर मी ओढून नेईन.

आणखी ता. क. मी पाकीट आणायला आत गेले, तेवढ्यात ह्यांनी पत्रातल्या त्या हुकमाखालीच 'तपासले' लिहून सही केली. मी म्हटलं, "न वाचताच?" तर म्हणाले, "तशी सही मी करत असतो तर ही वेळ आली असती का?" तेव्हा हुकूम राहू दे, नुसता जेवायला ये. येताना ते गुडघ्यांचं तेल थोडं आण. कंबरेलाही चालत असेल.