याडीचा चुडा

उमरखेड
१२ नोव्हेंबर २०२४

नानाजीकाका,

रामराम. तब्येत बरी असेलच. तुम्ही कापूस वेचणीवर गेलात, म्हणून तुमच्याच बैठकीत बसून लिहितो. तुम्ही समोर असता तर माझा आवाज चढला असता.

गेल्या आठवड्यात इथंच तुम्ही म्हणालात, "बादल, पवार आमच्यातही असतात. तांड्याचं नाव कायले काढतं?" त्या घडीला माझं सगळं बदललं. वाटलं, तुमची पोर खुशी मला मिळाली.

तुमची अट मला जाचली नाही, खरं सांगतो. कॉलेजात सरांशी याच्यावरूनच वाजलं होतं. ते म्हणाले, जात जन्माची. मी म्हणालो, माणूस स्वतःला जो म्हणेल तो. वर्गातून उठलो तो परत गेलोच नाही. मग बंजारा सोडून तुमच्यातला पवार व्हायला माझं काय जात होतं?

यंदा आमचं सोयाबीन बरं निघालं. रविवारच्या सोयरिकीच्या बैठकीसाठी बापूंनी नवा सदरा शिवला. याडीला, म्हणजे आईला, मी साडी आणली. तुम्ही सांगितली तशी साधी. आमचा आरशांचा घागरा, फेटिया, नको म्हणून.

उगाच इकडचं तिकडचं लिहून राह्यलो. सांगतो.

काल घरी गेलो तर याडी अंगणात हाताला साबण चोळून बसलेली. दंडातला चुडा उतरवत होती. तुम्हीच म्हणाला होतात ना, "चुडा-बिडा काढून ठेवा म्हना"? तुम्हाला ठाऊक नसेल काका, आमच्यात तो नवरा गेल्यावरच उतरतो.

बापू बाजेवरून आमच्या बोलीत म्हणाले, तुमच्यासाठी मराठीत लिहितो, "रुपी, मी मेलो काय वं? मले सांगाचं तरी!"

"रविवारपुरते मरा. पोराचं जमू द्या."

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. चुडा कोपराशी अडकला होता, कातडी लाल झालेली. मी तो परत वर सरकवला, तर तिनं फटका दिला. "तुले खुशी पाह्यजे का नाई?"

पाहिजे, काका. जीव जाईल इतकी पाहिजे.

कोण व्हायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, हे मी आजही म्हणतो. पण ठरवायचं मी अन् उतरवायचं तिनं, हे कसलं ठरवणं? म्हणून आता नीट ठरवलं. मी बंजारा. जन्मलो म्हणून नाही, मला व्हायचं आहे म्हणून.

रविवारी आम्ही येतो. याडी फेटियात येईल, चुड्यासकट. तुम्हाला नको असेल तर निरोप धाडा. पोरीला पळवून नेणार नाही; तिनंच बजावलंय, "बाबाच्या समोरून नेशील तरच येईन."

विमलकाकू भाकरी टाकून राह्यल्या. खुशी आतल्या दाराशी उभी आहे. तिला हे दाखवलं नाही, आधी तुम्ही वाचा. तिच्याकडं पाहिलं तर मी हा कागद फाडून टाकीन. म्हणून न पाहताच उठतो, बाहेरून दार ओढून घेतो.

तुमचा होईन न होईन,
रुपीबाईचा
बादल