सड्यावरचा प्राचीन सूर्यमार्ग

१२ जानेवारी. सकाळी ७.
रिटायर झालेल्या इतिहासाच्या मास्तरला शेवटी कुणीतरी ओळखलं! पावस गावाजवळच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर, विनीतशेठ चाळीस बंगले बांधणार. त्याआधी तिथल्या कातळावर जुनं काही कोरलेलं आहे का, याचा रिपोर्ट मी द्यायचा. जिथे काही नाही, तिथेच बांधकाम.
संकल्प: सड्याचा इंच न् इंच पायी.

दुपारी १२.
ऊन फार. पश्चिम भाग (रस्त्यापासून तीस पावलं) पूर्ण. पूर्वेला कमरेएवढं गवत. उद्या.

१४ जानेवारी.
संक्रांत. हिला विचारलं, जाऊ का? ‘जा की,’ म्हणाली. पण सूर ‘नका जाऊ’ असाच होता. राहिलो.

१७ जानेवारी.
गुरं चारणारी सखू भेटली. म्हणाली, ‘मास्तरानू, चित्र तकडं हाय, उगवतीला, गवतात. माज्या सासूनं दाखवलंन. थितं घरं होऊ देऊ नका हां.’ तिला समजावलं, संशोधनाला पद्धत असते. आधी पश्चिम, पुन्हा एकदा.

२१ जानेवारी.
शोध!! रस्त्याकडेच्या कातळात तीन भोकं, एका ओळीत. बावीस पावलांवर आणखी तीन. मधला पट्टा गुळगुळीत. सूर्योपासनेचा मार्ग, दुसरं काय? वय पाच हजार वर्षं. सावधपणा म्हणून साडेचार लिहिलं.

२९ जानेवारी.
आज सखूबरोबर पूर्वेला जायचं ठरलं होतं. गुडघा. शिवाय बूट नवे. ती एक वाजेपर्यंत थांबली म्हणे. या लोकांना वेळेची किंमत नाही.

५ फेब्रुवारी.
रिपोर्ट दिला. सूर्यमार्ग जपावा. पूर्व भाग: निरंक. ‘प्रत्यक्ष पाहणी केली का?’ या कॉलममध्ये ‘होय’. लांबून पाहिला होताच. विनीतशेठ खूश. सगळे बंगले आता पूर्वेला.

१६ फेब्रुवारी.
गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन दीपक पेढे घेऊन आला. पिच वाचवल्याबद्दल आभार मानले. कातळात स्टंप ठोकता येत नाहीत, म्हणून ती भोकं त्यानेच दोन वर्षांपूर्वी ड्रिलने पाडली म्हणतो. मी म्हटलं, प्राचीन स्थळाचा पुनर्वापर इतिहासात नवा नाही. पेढे परत केले नाहीत.

१७ फेब्रुवारी.
पूर्वेला जेसीबी आलाय. सखू आणि वाडीतल्या बायका त्याच्या पुढ्यात बसल्यात. मीही जाणारच होतो. चपला घातल्या, काढल्या. गुडघ्याचा काही संबंध नाही.

२० फेब्रुवारी.
बायकांच्या तक्रारीवरून सरकारी पथक आलं. मलाही बोलावलं. गवत कापलं, कातळ झाडला. खाली तीस फुटांचा मासा, पोटात रेघांची नक्षी. काम थांबलं. साहेबांनी माझा रिपोर्ट वर धरून विचारलं, ‘निरंक कुणी लिहिलंय?’
सखूच पुढे झाली. म्हणाली, ‘मास्तरानी मुद्दाम लपवलंन साहेब. शेठला आदी कळतं तर रातोरात फोडलं असतंन.’
टाळ्या. साहेबांनी हात मिळवला. फोटोही काढला. मी मान खाली घालून उभा. लोक म्हणाले, किती नम्र माणूस.
इथे तरी खरं लिहितो. त्या गवतात आजपर्यंत मी पाऊल टाकलं नव्हतं. आणि हे सखूला माहीत आहे.