वैद्याची बिडी

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. सकाळपासून दोनदा दूध उतू घालवलं. नवरा कामावर गेलाय, बहारीनमधल्या रिफा गावातल्या या स्वयंपाकघरात मी एकटीच आहे, आणि हे दुसऱ्या कोणाला ऐकवण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात लेकीकडे कॅनडाला गेले होते. एका दुपारी आम्ही दोघी बाजारातून चाललो होतो, तर एका चकचकीत दुकानाबाहेर बाकावर दोन म्हाताऱ्या काहीतरी ओढत बसलेल्या. तो वास आला आणि मी रस्त्यातच थांबले. नईम मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घराची गच्ची, शुक्रवारची सुट्टी, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात भट्टीपुढे आठवडा काढून आलेले तुम्ही, आणि तुमची ती दम्याची बिडी. "गावच्या वैद्याने दिलीय, पोरांनी जवळ यायचं नाही." मी आनंदाने ओरडलेच, "अगं, आबांच्या वैद्याच्या बिडीचा वास!" लेक आधी हसली, मग तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आई, दॅट्स वीड. गांजा. इथे लीगल आहे."

मी म्हटलं, मला आत जायचंय. आपलं चुकलं असावं, एवढंच मनात होतं. बहारीनमध्ये अख्खं आयुष्य काढलेली बाई मी, असल्या दुकानाची पायरी चढताना आजूबाजूला पोलीस आहे का बघत होते. आत सोनाराच्या पेढीसारखा उजेड, काचेमागे बरण्या. काउंटरवरची मुलगी एका आजोबांना गुडघेदुखीवर काय घ्यावं ते गोड आवाजात सांगतेय. मी एक बरणी दाखवते, ती झाकण उघडून माझ्यापुढे धरते. तीच हिरवी, वाळकी बोंडं. आपल्या तिरफळांच्या डब्यात तळाशी सापडली होती ती.

ती पुडी मीच काढली होती. बांगड्याच्या कालवणाला तिरफळं हवी होती म्हणून डबा उपडा केला. वास सगळा तिरफळांचाच, पण हातात पुडी. तुम्ही विचारलंत, "गावाहून डबा कोणी आणला?" धाकटा भाऊ म्हणाला, "मी. तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत ना, काकांकडून आण म्हणून." "तिरफळं सांगितली होती, गांजा नव्हे!" आणि खाडकन त्याच्या मुस्काटात. आई रडत राहिली, तुम्ही ओरडत राहिलात, "पोलिसांना कळलं तर सगळ्यांची रवानगी होईल. याचा व्हिसा कॅन्सल. खलास!" आठव्या दिवशी तो विमानात होता.

आबा, गावाहून येताना परक्याचं पार्सल आणायचं तर पिठातसुद्धा बोट घालून बघायचं, हे आम्हाला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? पण घरचा डबा कोण उघडून बघतो? त्याने नाही बघितला. बापाचा डबा होता. एअरपोर्टवर सापडला असता तर पोराचं तारुण्य जेलात सडलं असतं. लाज नाही वाटली तुम्हाला? पुढच्या शुक्रवारी तुम्ही परत गच्चीवर होतात, हो, मला आठवतंय.

बावीस वर्षांचा होता तो. गांजावाला म्हणून दोनदा ठरलेलं लग्न मोडलं. अजून गावात टेम्पो चालवतो, एकटाच असतो. तुम्हाला अग्नी त्यानेच दिला, आणि तेव्हाही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मी मात्र एवढ्या वर्षांत एकदाही त्याला भाऊबीजेला ओवाळलं नाही. तुमची लेक ना मी.

कॅनडाहून आल्यापासून त्याचा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. तुमची अब्रू राखायची म्हणून नव्हे, ती गेली खड्ड्यात. त्या दिवशी गालावर हात धरून तो माझ्याकडे वळला होता, "ताई, तू तरी सांग ना." मी खाली बघितलं. मीठ कुठे ठेवतात तेही ज्यांना कधी ठाऊक नव्हतं, ते तुम्ही आदल्या शुक्रवारी स्टुलावर चढून तो डबा काढत होतात, आणि मी दारातून बघत होते. दुसरं काही शोधत असतील, असं तेव्हापासून मनाला सांगत आले. माझं लग्न ठरत होतं, आबा. म्हणून मी गप्प बसले.