रिकाम्या चौकटी

सोमवार, ३ मार्च

अहमदपूरहून लातूरला आले. एसटीत खिडकी मिळाली, शेजारीण झोपाळू मिळाली, प्रवास झकास झाला. नात ज्योत्स्ना इथं डाळमिलमधी कामाला लागली हाय. तिची आई म्हणली, पोरगी एकटी धड जेवत न्हाई, जाऊन बसा. लग्नाचं विचारायचं न्हाई, अशी ताकीद पोरीनं दारातच दिली. म्हणलं, एवढ्या पसाऱ्यात नवऱ्याला बसवशील कुठं? खोली लहान, पण नळाला पाणी जोरात येतं. प्रौढांच्या वर्गात चार अक्षरं शिकले, ती मोडू नयेत म्हणून हे लिहिते.

बुधवार, ५ मार्च

पोरीचं काम समजून घेतलं. डाळ निवडायची मशीन कम्प्युटरवर चालते. अडली तर काय करायचं, ते सांगणारी मदतीची पानं त्यातच असतात. ती नवी करायची हायेत. पण ज्या सॉफ्टवेअरात ती केली ते बंद पडलं, आणि नवं सॉफ्टवेअर जुनी फाईल तोंडाला लावत न्हाई. कम्प्युटरच्या दुकानवाल्या नासिरनं एक जुना कम्प्युटर शोधून आणला, त्याच्यावर तेवढी उघडतात. म्हणून मिलच्या खोलीत बसून मी जुन्यावरचं मोठ्यानं वाचते, ती नव्यात टाईप करते. मी अडखळले की हसते. म्हणलं, हस, तुझ्या कंपनीचं चार अक्षरं शिकलेल्या बाईवाचून अडलंय.

शुक्रवार, ७ मार्च

मजकूर नव्यात गेला, चित्रं काही जाईनात. त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी. जुन्या चित्रात एका बाईचा उजवा हात हाय, बटनावर ठेवलेला, हिरव्या बांगड्यांचा. मालक म्हणतो, या मशीनवर बाई कधी नव्हतीच. ज्योत्स्नानं स्वतःचा हात बटनावर ठेवून मोबाईलनं फोटो काढला आणि चौकटीत चिकटवला.

मग मी जुन्यावर पाहिलं. बटन हाय, हात न्हाई. ती म्हणली, आजी, चष्मा पूस. पुसला. न्हाईच.

सोमवार, १० मार्च

पोरीचा उजवा हात गार पडलाय. भाकरी मोडता येईना. उकळता चहा सांडला त्याच्यावर, तर ही नुसती बघत बसली. डॉक्टर म्हणले, नस दबली असंल. आज तोंडाला फडकं बांधायचं पान होतं. म्हणलं, थांब, तुझा फोटो नको लावू. म्हणली, आजी, तू भुताखेतावर कधीपासून विश्वास ठेवायला लागलीस? डाव्या हातानं लावला.

मंगळवार, ११ मार्च

पोरगी बोलत न्हाई. तोंड उघडते, आत आवाजच न्हाई. जुन्या चित्रात फडकं तसंच बांधलेलं, मागं तोंड न्हाई.

ओढून उठवाया गेले तर खुर्चीसकट आली. सुटतच न्हाई त्या पानांपासून. मशीनच्या फिरत्या पट्ट्यापासून पाय लांब ठेवायचं पान आलं. मोबाईल हिसकावताना माझाच पाय फोटोत आला, तिनं तोच लावला. तिचा पाय शाबूत हाय. माझा घोट्याखाली दगड. सुई टोचून पाहिली. रक्त आलं. कळ न्हाई.

म्हणजे कुणाचंही चालतं.

बुधवार, १२ मार्च

नासिरला बोलावलं. म्हणला, दादी, वहम हाय तुमचा. त्यानं तिच्या हाताचा फोटो पानातनं पुसून टाकला. चौकट रिकामी झाली अन् पोरीची नखं काळीनिळी, मग बोटं, मग मनगट— त्यानं फोटो परत लावला तेव्हा काळेपणा थांबला. आता वहम म्हणत न्हाई. दाराकडं तोंड करून उभा हाय.

रिकामी ठेवता येत न्हाई. कुणीतरी लागतं.

बुधवार, दुपारी

शेवटचं पान. मशीनपाशी उभी अख्खी बाई. ज्योत्स्ना जाऊन उभीबी राहिली, डाव्या हातात मोबाईल, स्वतःकडं धरलेला. नासिरनं हिसकावला. त्याला म्हणलं, सगळीकडं माझं लाव. रडू नको, लाव.

माझ्या तोंडाचं लावलं. पोरगी ओरडली, आजी, नको! मी शिवी द्याया गेले. आवाज न्हाई.

माझ्या हाताचा फोटो मोबाईलवर घेऊन झाला. त्याला खुणेनं थांबवलं, एवढं लिहू दे म्हणून. जुन्यावर पाहिलं. त्या अख्ख्या पानातली बाई कडेला सरकलीय. जागा करून. माझ्याकडं बघायलीय—

नासिर माझा हात चिकटवायलाय. पोरगी त्याचा दंड ओढायलीय, डाव्या हातानं—

तिची करंगळी हलली. उजवी. अंगठा—

आता दोन्ही हातांनी ओढती हाय त्याला, मोबाईल घ्याया. माझी बोटं गार— ज्योत्स्ना, त्या शेवटच्या पानासाठी तू उभी राहू न