बडनेऱ्याच्या अलीकडे

बार्शीटाकळी,
सोमवार, १३ एप्रिल २०२६

चि. सीमास,

दादाचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. आकांक्षाच्या परीक्षेसाठी देवीपुढे नारळ ठेवला आहे, तेही तिला सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. ऊन फार आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी मी आपली पांढरी अँबेसेडर एकटाच घेऊन निघालो. बाबांना म्हटलं, अकोल्याला बियाण्याची चौकशी करून येतो. देवळापाशी हात जोडले आणि अकोला मागे टाकून थेट मुर्तिजापूरच्या पुढे गेलो. परतताना ऊन असं होतं की उपरणं गुंडाळून स्टिअरिंग धरावं लागलं. इंजिन पुरतं तापलं. मुद्दाम एका ढाब्यावर बंद केलं, चहा घेतला, पुन्हा चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. घरी येईपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

दादा गाडीचं पुराण कशाला लावतो, असं तुला वाटेल. फोनवर हे सांगता येत नाही. बाबा कायम समोरच्या बाजेवर असतात, आणि त्यांचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच.

ही गाडी तापली की बिघडते, असं दिवाळीपासून चाललं आहे. थंड असताना घड्याळासारखी चालते. तापली की गचके देते, मागून काळा धूर सोडते आणि बंद पडते. तासभर झाडाखाली उभी केली की पुन्हा चालू. दिवाळीत बोरगाव मंजूला बंद पडली. संक्रांतीला मुर्तिजापूरच्या पुढे. होळीला तर बडनेऱ्याच्या अलीकडे, तुझ्या अमरावतीच्या घरापासून अर्ध्या तासावर.

होय, तिन्ही वेळा आम्ही तुझ्याकडेच निघालो होतो. तुला कळवायचं नाही अशी बाबांची ताकीद होती. "फोनवर बोलावतेत का लेकीले सणाले? मुऱ्हाळी जा लागते," असं म्हणून तिन्ही वेळा त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, डिकीत तुरीची डाळ आणि आईच्या हाताच्या जुन्या लोणच्याची बरणी ठेवली आणि स्वतः गाडी चालवायला बसले. मला हात लावू दिला नाही. आणि तिन्ही वेळा बरणी डिकीतून परत घरी आली.

मी गाडी नबीभाईच्या गॅरेजात नेली. त्याने आधी कॉइल बदलली, कारण तापल्यावर कॉइल दगा देते. मग कंडेन्सर. मग रेडिएटर धुतला. उन्हाने पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं बांधायला दिलं. ते फडकं मी होळीला वाटेत दोनदा भिजवलं, तरी गाडी बंद पडलीच. शेवटी त्याने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. काजळी धरल्यासारखे काळे.

"पेट्रोल जास्त जाऊन राहिलं भाऊ," नबीभाई म्हणाला. "पण काहून, ते मले नाई समजत. माझ्याकडं दिवसभर चालू ठेवली, काहीच नाई. ही गाडी गरम नाई होत, हिले अमरावतीचा राग हाये."

"राग गाडीले नाही," मी म्हटलं, आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

म्हणून गुरुवारची ती फेरी. गाडीत दोष नव्हता. मग होळीचा दिवस मी मनात पुन्हा पाहिला. मी शेजारीच बसलो होतो. बडनेऱ्याची पाटी दिसली तसा बाबांचा डावा हात उपरण्याखालून चोकच्या बटणाकडे गेला होता. मला वाटलं, रुमाल शोधत असतील. लगेच धूर निघाला आणि बाबा म्हणाले, "पाह्य शेषराव, आली ना गरमावर. चाल, जाऊ वापस."

ज्या माणसाने तीस वर्षं याच गाडीतून लग्नाची वऱ्हाडं नेली, त्याचा हात चुकून चोकवर जात नाही. मला गाडी त्यांनीच शिकवली. चोक फक्त थंड इंजिनासाठी, तापलेल्याला दिला तर ते पेट्रोलने गुदमरतं, हा त्यांचा पहिला धडा होता.

सीमा, आईच्या तेरवीच्या दिवशी मांडवात ते तुला जे बोलले, ते मीही ऐकलं. "चालती-बोलती बाई नेली तुनं, अन् निजवून आणली." आईला ऑपरेशनसाठी तू नेलंस, कारण इथे कोणी हलत नव्हतं. तिने दवाखान्यातून दोनदा निरोप पाठवला, बाबांना घेऊन ये. बाबा म्हणाले, कापसाची वेचणी आटोपली की निघतो. निघाले तेव्हा उशीर झाला होता. ते सगळं त्यांनी तुझ्या डोक्यावर टाकलं. हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवसापासून ते देवघरात बसतात, पण आरती म्हणत नाहीत, नुसते बसतात. तुझ्या दारापर्यंत यायचं त्यांच्या फार मनात आहे. दारात आल्यावर काय बोलायचं, ते त्यांना सापडत नाही. मग त्यांचा हात बटणाकडे जातो.

पण एक बघ. बोरगाव, मग मुर्तिजापूर, मग बडनेरा. दर वेळी ते थोडे पुढे आले आहेत.

तू म्हणालीस, ते स्वतः न्यायला आले तरच मी त्या घरात पाय ठेवीन. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता सांगितलं आहे, या उन्हाळ्यानंतर त्यांच्या हाती गाडी देऊ नका. आणि दुसऱ्याच्या शेजारी बसून ते तुझ्याकडे येणार नाहीत. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, थोडा तुझ्यातही आहे.

त्यांना तोंडावर सांगावं का, याचा मी दोन दिवस विचार केला. "बाबा, मला चोकचं कळलं," एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते त्या गाडीत पुन्हा बसलेच नसते. देवीपुढे बसलो. उठलो तेव्हा मन स्थिर होतं.

रविवारी अखजी आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांसोबत यंदा आईचीही घागर भरायची आहे. आज सकाळी बाबा म्हणाले, "शनिवारी जाऊ लेकीले आणाले. नबीनं बरोबर केली ना रे गाडी?"

मी म्हटलं, "केली बाबा."

दुपारी ते निजले तेव्हा मी बोनेट उघडलं. चोकची तार कार्ब्युरेटरपासून सोडवली आणि वाजू नये म्हणून पूजेच्या नाड्याने बाजूला बांधून ठेवली. आतलं बटण पहिल्यासारखंच मागेपुढे होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळीही चोक लागत नाही, त्यामुळे गाडीचं काही अडत नाही.

शनिवारी ते बटण ओढतील. मी ओढू देईन. गाडी थांबली नाही की त्यांना कळेलच, आणि ते माझ्याकडे पाहतील. मी समोर रस्त्याकडे पाहीन. थांबायचंच असेल तर ब्रेक आहे, त्याला मी हात लावलेला नाही. पण ब्रेक स्वतःच्या मनाने दाबावा लागतो, मग इंजिनाचं नाव घेता येत नाही. बाबा तो दाबणार नाहीत, असं मला वाटतं.

जेवणाच्या वेळेपर्यंत पोचू. ते काही बोलले नाहीत तर बोलायला लावू नकोस. आधी डिकीतली बरणी उतरवून घे.

तार काढली आहे, सीमा. आता गाडी बडनेऱ्याच्या अलीकडे थांबणार नाही.

तुझा दादा,
शेषराव